कृष्णाकाठ आणि नौकानयनाची विद्या

महाबळेश्वराच्या माथ्यावर पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेकडे उतरते आणि बाणकोटच्या खाडीवाटे लगेचच समुद्राला मिळते. कृष्णा मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून निघते. वाई, कऱ्हाड, सांगली असे करीत, कोयनेला आणि पुढे वारणेला पोटात घेऊन, सुमारे चौदाशे किलोमीटरांनी ती बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तिच्या काठच्या माणसांनीही समुद्राचा विचार फारसा केला नाही. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे घाटमाथ्याच्या अलीकडचे. येथे जन्मलेल्या मुलाने दर्यावर्दी व्हावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणूनच २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील एका तरुणाने आम्हांला विचारलेल्या प्रश्नाने आम्ही गोंधळलो. तो दिवसभर एका दुकानात काम करतो. कृष्णेवर पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, त्यांत त्याने वल्हे मारलेले होते आणि पुराच्या दिवसांत इतरांबरोबर त्याने माणसेही बाहेर काढली होती. तो म्हणाला, "फादर, होडी मला चालवता येते. पण तिच्यात किती माणसे घ्यायची, ओढ असलेल्या पाण्यात ती आडवी का होते, दोर कसा बांधायचा, हे सगळे मी अंदाजाने करतो. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर याचे शास्त्र शिकता येईल असा वर्ग कुठे आहे का? फी मात्र परवडली पाहिजे."

चार पत्रे लिहिली की उत्तर सापडेल, अशी आमची समजूत होती. पत्रे चारांपेक्षा पुष्कळ अधिक झाली. मुंबईतील एका खासगी संस्थेने कळविलेले शुल्क त्या तरुणाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतके होते. शिवाय वर्ग इंग्रजीतून आणि दिवसा. मग आम्ही उलटा शोध सुरू केला. ही विद्या आजवर कोणी, कोणाला आणि किती मोलाने शिकविली, हे पाहावे असे ठरविले. त्या शोधाची पहिली पायरी आमच्याच कपाटात सापडली.

मराठी ख्रिस्ती वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु ओवी लिहिण्यापूर्वी सदतीस वर्षे आधी या इंग्रज येशूसंघीयाने आणखी एक लेखन केले होते, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. १५७९ च्या ४ एप्रिलला ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. पुढे हॅक्लूट यांनी ते आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. त्या पत्रात भक्तिपर मजकूर आहे तितकेच नौकानयनही आहे. तीस वर्षांच्या या तरुणाने सहा-सात महिने सुकाणूजवळ उभे राहून खलाशांना प्रश्न विचारले असावेत, असे ते वाचताना वाटते.

त्यांनी वडिलांना जे समजावून दिले ते आजही पहिल्या धड्यात शिकवावे असे आहे. उत्तर-दक्षिण जाताना आपण कोठे आहोत हे सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून कळते. पूर्व-पश्चिम जाताना मात्र आकाशात तसा एकही स्थिर बिंदू नाही, म्हणून तो प्रवास अवघड. मग जाणते खलाशी काय करतात? पूर्वी गेलेल्यांनी जे जे पक्षी, जी जी खूण पाण्यात वा हवेत पाहिली, ती सर्व लिहून ठेवलेली असते. त्या टिपणांशी ताडून पाहत पुढे जायचे. त्यांच्याच तारवाचा हिशेब प्रवाहांमुळे चुकला. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना ते तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाकडे निघाले. पुढे किनारा जवळ आल्याच्या खुणा एकामागून एक दिसू लागल्या: ओळखीचे पक्षी, वाहत आलेल्या ताडामाडाच्या झावळ्या, आणि शेवटी पाण्यावर पोहणारे साप. साप दिसले की वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशी जमीन दिसणार, हे इतके निश्चित मानले जाई. कोकणातील कोणत्याही म्हाताऱ्या तांडेलाला यात नवल वाटणार नाही. नवल इतकेच, की तांडेलाने आपल्या नातवाला तोंडी सांगितले तेच येथे कागदावर आले आणि छापलेही गेले.

तोंडी आणि लेखी यांतला हा फरक आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पोर्तुगालच्या राजांना विद्या कागदावर हवी होती, पण कपाटात कुलूपबंद. आफ्रिकेच्या पलीकडील मार्ग दाखविणाऱ्या नकाशांवर १५०४ मध्ये राजाज्ञेने निर्बंध घातले गेले. सुकाणूदारांसाठी परीक्षा होती, राजाचा मुख्य विश्वशास्त्री होता. १५४७ पासून ते पद पेद्रो नुनेश या थोर गणितज्ञाकडे होते. नुनेश खलाशांच्या अज्ञानाला नावे ठेवीत आणि खलाशी त्यांच्या पुस्तकी गणिताला हसत. हा वाद पुढे कोठेच मिटलेला दिसत नाही; आमच्या मांडवाखालीही तो एकदा झाला, पण ते नंतर.

नुनेश यांचे एक शिष्य मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावे असे होते. दों जुआंव द काश्त्रु हे पुढे गोव्याचे राज्यपाल झाले. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत जाताना त्यांनी किनाऱ्याचे टिपण केले. वसईजवळ त्यांच्या ध्यानात आले की होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते आहे. हा भोवतालच्या खडकाचा प्रताप असावा, असा त्यांनी तर्क केला. कोकणातला तो काळा खडक आणि साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याखालचा खडक एकाच लाव्हारसाचा आहे. सह्याद्रीत होकायंत्र घेऊन फिरणाऱ्याने कातळाला टेकून दिशा पाहू नये, हा धडा त्यामुळे घाटावरच्यांनाही लागू आहे.

आता लिस्बनकडे वळतो. येथेच आमच्या तरुणाच्या प्रश्नाला इतिहासातील सर्वांत जवळचे उत्तर मिळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील येशूसंघाच्या सांतु आंतांव महाविद्यालयात 'गोलाचा वर्ग' नावाचा एक वर्ग सुरू झाला. गोल म्हणजे खगोल आणि भूगोल. नौकानयन, ताऱ्यांची उंची मोजणे, उपकरणे घडविणे, नकाशे वाचणे हे विषय तेथे शिकवीत. शुल्क नव्हते. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांपुरताच तो मर्यादित नव्हता. नगरातील कोणीही येऊन बसावे. आणि ज्या काळी विद्यापीठात लॅटिनखेरीज शब्द उच्चारीत नसत, त्या काळी हा वर्ग लोकांच्या भाषेत, म्हणजे पोर्तुगीजमध्ये, चालत असे. रोमच्या ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांच्या शिष्यांनी तेथे शिकविले. जुआंव पावलू लेंबो यांनी दुर्बीण कशी करावी हे नवीन शास्त्र गॅलिलिओच्या शोधानंतर काही वर्षांतच तेथे आणले. क्रिस्तोफोरो बोर्री हे पूर्वेकडे धर्मकार्य करून, गोव्यावरून परतून, तेथे शिक्षक झाले. पूर्व-पश्चिमेचा तोच जुना प्रश्न सुईच्या विचलनावरून सोडविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो फसला. पण ज्याने स्वतः तो समुद्र ओलांडला होता असा माणूस फळ्यापुढे उभा होता, हे त्या विद्यार्थ्यांचे भाग्य. १७५९ मध्ये येशूसंघाला पोर्तुगालमधून हाकलले गेले तेव्हा तो वर्ग बंद पडला. पावणेदोनशे वर्षे एक विनामूल्य वर्ग चालावा, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या वर्गाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. त्यातून बाहेर पडलेली विद्या ज्या साम्राज्याच्या कामी आली, त्याने आपल्याच किनाऱ्यावर काय काय केले हे वसईचा वाचक विसरलेला नाही. विद्या फुकट होती, पण लिस्बनच्या नागरिकाला. गोव्याच्या वा साष्टीच्या कोळ्यासाठी ते दार उघडलेले नव्हते. छत्रपती शिवाजी महाराजांनी हे पुरते ओळखले होते. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे आरमाराची जहाजे बांधायला घेतली तेव्हा त्यांनी रुई लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या हाताखालच्या माणसांना कामावर घेतले. वसईच्या अधिकाऱ्यांनी त्या माणसांचे कान भरले आणि ते काम सोडून निघून गेले. मराठ्यांचे आरमार तरीही उभे राहिले, ते कोळी, भंडारी, आगरी यांच्या हातांवर. पुढे साताऱ्याच्या गादीचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी त्याच माणसांच्या बळावर युरोपियनांना जेरीस आणले. पण साताऱ्याहून सरखेलीची वस्त्रे किनाऱ्याकडे गेली, तरी किनाऱ्याची विद्या घाट चढून वर आली नाही. ती तांडेलाच्या तोंडी राहिली आणि तांडेलाबरोबरच गेली.

इंग्रजी अमदानीत १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' हे शिक्षणाचे जहाज उभे राहिले. भारतीय तरुणांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याचा मार्ग त्याने खुला केला, हे त्याचे मोठेच श्रेय. मात्र ते शिक्षण निवासी, इंग्रजीतले आणि पैसेवाल्यांचे. १९७२ मध्ये 'राजेंद्र' आणि १९९३ मध्ये नवी मुंबईत किनाऱ्यावरची 'चाणक्य' संस्था, अशी ती परंपरा पुढे गेली. या काळातील एक गंमत सांगलीकरांनी ध्यानात घ्यावी. सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली, म्हणून तो दिवस देशात सागरी दिन म्हणून पाळतात. त्या कंपनीचे एक संस्थापक वालचंद हिराचंद. त्यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. १९४७ मध्ये निघालेल्या त्या महाविद्यालयाने महाराष्ट्राला नामवंत अभियंते दिले. नाव जहाजवाल्याचे, पण तेथे होडीचा विषय नाही. आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मागणारेच कोणी नव्हते.

आमच्या पत्रांना मिळालेले सर्वांत आशादायक उत्तर सरकारी होते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याची किनाऱ्यावर प्रशिक्षण केंद्रे आहेत. वर्सोव्यासारख्या ठिकाणी नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मराठीतून शिकवितात. जाहिरातीत शुल्क महिना साडेचारशे रुपये होते; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी शंभर. चौथी उत्तीर्ण असले तरी चालते, पोहता आले पाहिजे. इतके वाचून आमचा तरुण आनंदला. मग पुढची ओळ आली: उमेदवार अनुभवी, क्रियाशील मच्छीमार असावा. अट रास्त आहे. ती केंद्रे त्यांच्यासाठीच आहेत. पण दुकानात काम करून पुराच्या वेळी होडी घेऊन धावणाऱ्याला त्या वर्गाचे दार बंदच.

येथे कोणी म्हणेल, नदीवर एवढे शास्त्र कशाला? पूर्वी कृष्णेवर तर चालतच होती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीशी बांधून लोक पैलतीरी जात. महापुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून मुले-म्हातारी बाहेर काढल्याचे आपण पाहिले आहे. खरे आहे. पण कोयनेचे धरण झाल्यावर शिवसागर जलाशयाने सातारा जिल्ह्यातील खोऱ्याचा एक मोठा भागच समुद्रासारखा करून टाकला. बामणोली, तापोळा येथील माणसांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी लाँचवर अवलंबून राहावे लागले. शेतकऱ्याचा मुलगा एका पिढीत नावाडी झाला. त्याला शिकविणारा तांडेल मात्र वंशात नव्हता. आणि ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या घरात असताना, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरच्या त्या गावातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांनी भरलेली बोट उलटली. डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती.

आमचा तरुण त्या दिवशी दुसऱ्या गावात होडी चालवीत होता. "माझ्याही होडीत तेवढीच माणसे होती, फादर," तो म्हणाला. "माझी का नाही उलटली, हे मला ठाऊक नाही."

या वाक्याने आमची झोप उडाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर जगाला ठाऊक आहे. फ्रान्सच्या तुलाँ येथे नौदलाच्या तरुणांना गणित शिकविणारे येशूसंघीय पॉल होस्त यांनी १६९७ मध्ये जहाजबांधणीच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि होडी पाण्यात उभी का राहते हे गणिताने सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांचे उत्तर चुकले, पण प्रश्न त्यांनी नेमका मांडला. बरोबर उत्तर १७४६ मध्ये प्येर बुगे यांनी दिले. हे स्वतः नौकानयनाच्या शिक्षकाचे चिरंजीव आणि येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे. होडी एका बाजूस कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो. पाण्याचा वर लोटणारा जोर तिकडे सरकतो आणि तिला पुन्हा सरळ करू पाहतो. माणसे तळाशी बसलेली असतील तर भार खाली राहतो आणि पाणी होडीला सावरते. तीच माणसे घाबरून उभी राहिली की भार वर चढतो. एका उंचीपर्यंत पाणी सावरते, तिच्यापलीकडे तेच पाणी होडीला उलथवते. त्या उंचीच्या मर्यादेला बुगे यांनी मेटासेंटर हे नाव दिले. आम्हांला सर्वांत भावली ती दुसरीच गोष्ट. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी बुगे कित्येक वर्षे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहिले होते आणि नौकांचा हा ग्रंथ त्यांनी बराचसा तेथे लिहिला. जहाजाचे शास्त्र डोंगरात बसून लिहिता येते, तर साताऱ्यात बसून शिकता का येऊ नये?

आणि संध्याकाळच्या शाळेची परंपरा तर आपलीच. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण, सावित्रीबाईंचे नायगाव. दोन्ही सातारा जिल्ह्यातली. या दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कमवा व शिका हे सूत्र घराघरांत पोहोचविले.

तेव्हा आम्ही वर्ग शोधणे थांबविले आणि धर्मग्रामाच्या सभागृहात मंगळवारी संध्याकाळी एक वर्ग भरवू लागलो. मोठे नाव देण्याजोगे ते काही नाही. शुल्क नाही, प्रमाणपत्रही नाही. इंजिनाची बोट चालविण्याचा परवाना शासनच देते, तो देणारे आम्ही कोण? हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारच्या तालुक्यात राहतात, ते महिन्यातून दोनदा येतात. नदीवरचे एक वृद्ध अंबी नावाडी येतात. हौदात लाकडी पाट तरंगवून त्यावर विटा आडव्या आणि मग उभ्या रचल्या, की बुगे यांचा सिद्धांत आठवीच्या मुलालाही कळतो. सुरगाठ कोठे चालेल आणि कोठे जीव घेईल, हे दोर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील संत पौलाचा जलप्रवास आम्ही सेमिनरीत श्रद्धेचा पाठ म्हणून शिकलो होतो. येथे तो पाणी मोजण्याचा पाठ झाला: आधी वीस वाव, थोडे पुढे पंधरा, म्हणजे जमीन जवळ येत आहे, मग खडकावर आपटू नये म्हणून वरामाकडून चार नांगर. एकाने वराम म्हणजे काय विचारले. नावेची मागची बाजू.

पुस्तकी गणित आणि हाताचा अनुभव यांचा तो जुना वाद येथेच झाला. अंबी म्हणाले, पाण्याचा रंग बघून खोली कळते, दोरी कशाला? निवृत्त नौसैनिक म्हणाले, रात्री रंग दिसत नाही. दोघेही बरोबर होते. तासभर कोणी ऐकेना.

मार्चमधील विषुवदिनी आम्ही अंगणात मीटरभर उंचीची काठी ओळंब्याने उभी केली. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून माध्यान्हीची सावली थेट आपले अक्षांश सांगते. सांगलीत ती साधारण तीस सेंटिमीटर पडावी, साताऱ्यात बत्तीस; दोन्हींच्या अक्षांशांतील पन्नास कलांचा फरक म्हणजे पन्नास सागरी मैल, म्हणजे सुमारे त्र्याण्णव किलोमीटर, आणि तो काठीच्या सावलीत दीडएक सेंटिमीटरात मावतो. बाराचा भोंगा झाला तेव्हा मुले मोजायला धावली. त्यांना थांबविले, आपले घड्याळ बरेच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेले आहे, सांगलीची खरी माध्यान्ह त्या दिवशी साडेबारा उलटून गेल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी येते. वेळ आली. सावलीचे टोक धूसर असते, ते नेमके कोठे संपते यावर पुन्हा वाद झाला. आमच्या तरुणाने शेवटी पट्टी लावली आणि एकतीस सेंटिमीटर, वर एक मिलिमीटर, असे वाचले. कोष्टकात पाहिले तेव्हा आमचे सभागृह, मंदिर आणि हौदासकट, कऱ्हाडच्या अक्षांशावर जाऊन बसले होते. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांची चूक. फादर स्टीफन्स यांचे तारू तर सोकोत्राकडे गेले होते, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने ऐकले न ऐकले आणि काठी पुन्हा ओळंब्यात धरायला तो खाली बसला.